एका आज्ञेत अनेक नामांतरे

संगणकाच्या इतिहासात यंत्रांच्या वेगाची, पडद्यांच्या शोभेची आणि त्या व्यवसायात अपरंपार धन मिळविणाऱ्या पुरुषांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. परंतु त्या यंत्रापाशी बसून रोजचे काम उरकणाऱ्या कारकुनाचे, संशोधकाचे, ग्रंथपालाचे ज्या लहानसहान सोयींवाचून पदोपदी अडले असते, त्या सोयींची हकीकत लिहिण्याचे कोणी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. शेकडो फायलींची नावे कमांड लाइनवर लिहिलेल्या एकाच आज्ञेने बदलण्याची सोय ही त्यांपैकीच एक होय. वरवर पाहता ती इतकी साधी वाटते की कोणी तरी एखाद्या दुपारी सहज करून टाकली असावी असा समज व्हावा. वस्तुतः एका संपन्न पद्धतीत ती पूर्णत्वास गेली होती, त्या पद्धतीच्या वारसदारांनी ती जाणूनबुजून बाजूला ठेवली, आणि पुढे सुमारे वीस वर्षांनी ती निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या वाटांनी परत मिळविली. ती का गेली आणि कशी परत आली, याचा विचार करू लागले म्हणजे नाव आणि वस्तू यांचा संबंध यंत्रात कसा जोडला गेला, या मूळ प्रश्नाशीच आपण येऊन पोहोचतो.

मुळात फाईलला नाव असावे ही गरजच वेळेच्या वाटणीतून उत्पन्न झाली. छिद्रित पत्त्यांच्या काळात माणसाची सामग्री त्याच्या स्वतःच्या गठ्ठ्यात असे, आणि गठ्ठा ज्याचा तो ओळखून घेई. १९६१ च्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनी एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याच्या पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले, आणि सीटीएसएस या नावाने ती पद्धत रूढ झाल्यावर सर्वांची सामग्री एकाच तबकडीवर येऊन पडू लागली. तेव्हा प्रत्येक फाईलला स्वतंत्र नाव देणे प्राप्त झाले. ते नाव दोन भागांचे असे व प्रत्येक भागात सहा अक्षरे मावत. कारण त्या यंत्राचा शब्द छत्तीस बिटांचा होता, एका अक्षरास सहा बिटे लागत, आणि नावाचा प्रत्येक भाग एका शब्दात बसविणे सोयीचे होते. नावाची लांबी माणसाच्या गरजेवरून न ठरता यंत्राच्या मापावरून ठरण्याची जी प्रथा येथे पडली, ती पुढे कित्येक दशके टिकली.

सीटीएसएसच्या अनुभवावरून तीच संस्था, बेल लॅबोरेटरीज आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनी यांनी मिळून मल्टिक्स नावाची अधिक विशाल पद्धत योजिली. तिच्या फाईलव्यवस्थेचे विवेचन रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी १९६५ साली लास व्हेगास येथील संगणक परिषदेत एका निबंधाद्वारे मांडले. डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी, तिच्या पोटात आणखी एक, अशी शाखाविस्ताराची जी रचना आज शाळकरी मुलासही परिचित आहे, तिचे शास्त्रशुद्ध प्रतिपादन या निबंधात सापडते. मल्टिक्समध्ये नाव बत्तीस अक्षरांपर्यंत लांब असू शके, टिंबांनी त्याचे घटक पाडता येत, आणि एकाच फाईलला अनेक नावेही असत. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की तेथे दोन संकेत रूढ होते. पहिला तारकेचा: नावाच्या एखाद्या घटकाच्या जागी तारका लिहिली की तेथे कोणताही घटक चालेल असा अर्थ होई. दुसरा बरोबरीच्या चिन्हाचा: नव्या नावात ते चिन्ह घातले की जुन्या नावातील त्याच स्थानचा घटक जसाच्या तसा उतरवावा अशी आज्ञा मिळे. तेव्हा नामांतराच्या आज्ञेपुढे एकदा तारका, टिंब आणि जुना प्रत्यय (म्हणजे टिंबानंतरचा शेवटचा घटक), आणि मग बरोबरीचे चिन्ह, टिंब आणि नवा प्रत्यय, एवढे लिहिले म्हणजे डिरेक्टरीतील त्या प्रत्ययाच्या यच्चयावत फायलींची नावे एकदम बदलत. जुन्या नावाचा नमुना आणि नव्या नावाचा नमुना असे दोन्ही नमुने आज्ञेच्या हाती अखंड पोहोचत असल्यामुळेच हे शक्य होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढची सारी हकीकत तिच्यावरच फिरते.

१९६९ साली बेल लॅबोरेटरीजने मल्टिक्समधून अंग काढून घेतले. त्या कामावर असलेले केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी रड कॅनडे यांच्यासह फळ्यावर आणि टिपणवहीत एका नव्या फाईलव्यवस्थेचा आराखडा आखला आणि ती पीडीपी-७ या, त्या काळीही जुनाट समजल्या जाणाऱ्या, लहान यंत्रावर उभी केली. युनिक्स ती हीच. या व्यवस्थेतील मर्माची गोष्ट ही की फाईलचे नाव फाईलमध्ये नसतेच. फाईलची लांबी, तिचा मालक, तिच्या मजकुराचे तबकडीवरील ठिकाण ही माहिती आयनोड नावाच्या क्रमांकित नोंदीत राहते. आणि डिरेक्टरी म्हणजे केवळ एक यादी, जिच्या प्रत्येक ओळीत एक क्रमांक आणि एक नाव एवढेच असते. १९७४ साली थॉम्प्सन आणि रिची यांनी युनिक्सवरील आपला सुप्रसिद्ध निबंध प्रकाशित केला, त्या सुमारास ही ओळ सोळा बाइटांची होती: दोन बाइट क्रमांकाचे आणि चौदा नावाचे. आपल्याकडे शेतजमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर होते तेव्हा तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घालतो आणि सातबाऱ्यावरचे नाव बदलते. बांध हलत नाही, गट नंबर तोच राहतो, मातीच्या ढेकळालाही काही कळत नाही. युनिक्समधील नामांतर नेमके याच जातीचे आहे. चार ओळींच्या पत्राचे नाव बदलण्यास जेवढा वेळ लागतो तेवढाच चार तासांच्या चलच्चित्राचे बदलण्यास लागतो, कारण मजकुराला कोणी हात लावीतच नाही. भेद एवढाच की फेरफाराची नोंद प्रमाणित होण्यापूर्वी हितसंबंधी माणसांना नोटीस जाते व हरकतीस मुदत मिळते. यंत्रात ती मुदत नाही, आणि या विषयातील सगळे अनर्थ त्या एका उणिवेतून निघालेले आहेत.

हे नामांतर करणारी आज्ञा एमव्ही ही होय, आणि ३ नोव्हेंबर १९७१ अशी तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या नियमपुस्तिकेतच तिची नोंद आहे. तिचे काम दोन पायऱ्यांचे होते: त्याच क्रमांकाला नव्या नावाची एक ओळ जोडावयाची, आणि मग जुन्या नावाची ओळ खोडावयाची. एका फाईलपुरते हे सुबक होते. अनेक फायलींचा प्रश्न आला की मात्र ती मुकी होई, आणि तिचे मुकेपण तिच्या कर्त्यांच्या आळसातून आलेले नसून एका विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयातून आलेले होते.

तो निर्णय असा. मल्टिक्समध्ये तारकेचा अर्थ लावण्याचे काम ज्या त्या आज्ञेकडे होते. प्रत्येक आज्ञेच्या कर्त्याला त्याची तरतूद आपल्या कार्यक्रमात करावी लागे. युनिक्समध्ये हे काम आज्ञांकडून काढून शेलकडे, म्हणजे माणसाने लिहिलेली ओळ वाचून ती योग्य त्या कार्यक्रमाकडे रवाना करणाऱ्या दुभाष्याकडे, सोपविण्यात आले. पहिल्या काही आवृत्त्यांत तर शेलदेखील ते स्वतः करीत नसे. ग्लॉब नावाचा एक निराळा लहान कार्यक्रम तारकेच्या जागी जुळणाऱ्या नावांची यादी भरून देई आणि मग मूळ आज्ञेला पाचारण करी. ज्या पीडीपी-११ यंत्रावर ती मंडळी लवकरच गेली, त्यावर सारी मिळून चोवीस किलोबाइट स्मृती होती आणि तीतली आठच किलोबाइट लोकांच्या कार्यक्रमांच्या वाट्यास येत, हे लक्षात घेतले म्हणजे अशी कामाची वाटणी का झाली याचे आश्चर्य वाटत नाही. त्या निर्णयाचे फळही थोर होते. नकल करणारी, छापणारी, शोधणारी, मोजणारी, आणि अद्याप लिहिलीही न गेलेली अशी प्रत्येक आज्ञा, तिच्या कर्त्याने काडीइतके श्रम न करता, तारका समजू लागली. मला हा निर्णय संगणकशास्त्रातील अत्यंत उदात्त निर्णयांपैकी एक वाटतो. एका ठिकाणी केलेले काम सर्वांच्या उपयोगी पडावे यापरते व्यवस्थेचे दुसरे भूषण कोणते?

परंतु त्याची किंमत नामांतराच्या आज्ञेने भरली. डिरेक्टरीत क, ख आणि ग या नावांच्या, मजकूर-प्रत्यय असलेल्या तीन फायली आहेत, आणि त्यांचा प्रत्यय बदलून जुना असा करावयाचा आहे, असे समजा. माणूस सरळ मनाने लिहितो: तारका-टिंब-मजकूर याचे तारका-टिंब-जुना कर. शेल पहिल्या तारकेचा विस्तार करून तिन्ही नावे ओळीत मांडतो. दुसरीला जुळणारी एकही फाईल नसल्यामुळे ती तशीच ठेवतो. आणि एमव्हीच्या हाती चार शब्द पडतात, ज्यांतला शेवटचा डिरेक्टरीचे नाव असावा अशी तिची अपेक्षा असते. तो तसा नाही असे पाहून ती तक्रार करते आणि थांबते. येथवर ठीक. पण डिरेक्टरीत मजकूर-प्रत्ययाची एकच फाईल असेल आणि जुना-प्रत्ययाचीही, अगदी निराळ्या मूळनावाची, एकच असेल, तर एमव्हीच्या हाती दोनच नावे येतात, तिला त्यात काही वावगे दिसत नाही, आणि ती पहिलीला दुसरीचे नाव देऊन दुसरीचा मजकूर नाहीसा करते. नमुना आपल्या हाती कधी आलाच नव्हता, हे तिला ठाऊक असण्याचा संभव नाही.

दुसऱ्या एका घराण्यात याच्या उलट घडले. १९८१ साली आयबीएमच्या घरगुती संगणकाबरोबर आलेली डॉस ही पद्धत टिम पॅटरसन यांच्या आधीच्या कृतीवर आणि ती कृती गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या पद्धतीच्या वळणावर उभी होती. नावाला आठ अक्षरांची एक चौकट आणि प्रत्ययाला तीनची दुसरी, हे सीपी/एमचे माप डॉसने जसेच्या तसे घेतले. तेथे शेल तारकेला हात लावीत नसे. दोन्ही नमुने नामांतराच्या रेन या आज्ञेकडे अखंड जात, आणि चौकटी ठराविक मापाच्या असल्यामुळे जुन्या चौकटीतील अक्षर नव्या चौकटीत स्थानपरत्वे उतरवून घेणे हे सोपे काम असे. नवे नाव आधीच कोणी धारण केलेले असल्यास डॉस नकार देई. आपल्याकडील ज्या पिढीने संगणक प्रथम १९९० च्या आसपास काळ्या पडद्यावर पाहिला, तिच्यापैकी अनेकांना ही सोय इतकी स्वाभाविक वाटे की पुढे युनिक्सशी किंवा त्याच वळणाच्या लिनक्सशी गाठ पडल्यावर ती तेथे नाही हे पाहून त्यांस धक्का बसे. अर्थात डॉसची सोय उथळ होती. नावाच्या मधोमध असलेला एखादा शब्द काढून टाकणे, क्रमांकापूर्वी शून्ये भरणे, मोठ्या लिपीतील अक्षरे लहान करणे, यांपैकी काहीच तिला साधत नसे.

युनिक्सच्या लोकांनी आपली अडचण आपल्याच साधनांनी भागविली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीव्ह बोर्न यांचा शेल आला. त्यात फेऱ्या घालण्याची सुबक तरतूद होती, आणि एकेक नाव हाती घेऊन, त्याचा प्रत्यय तोडून, नवा जोडून, एमव्हीला पुनःपुन्हा बोलावणे शक्य झाले. दुसरी रीत मला विशेष प्रिय आहे. तीत डिरेक्टरीची यादी काढून ती सेड या ओळी-संपादकातून नेत आणि प्रत्येक नावाचे रूपांतर नामांतराच्या एका पूर्ण आज्ञेत करीत; या आज्ञा पडद्यावर ओळीने उमटत, माणूस त्या वाचून पाही, दोनचार ठिकाणी नजर ठरवी, आणि सर्व मनासारखे आहे अशी खात्री पटल्यावर तीच ओळ पुन्हा लिहून तिच्या शेवटी शेलकडे जाणारी नळी जोडी. कृती आणि तिचा मसुदा यांत येथे अंतर होते, आणि त्या अंतरात विचाराला अवकाश मिळे. या रीतीची दुखरी बाजू म्हणजे नावातील रिकामी जागा. युनिक्सच्या कर्नेलला, म्हणजे त्या पद्धतीच्या गाभ्याला, नावात फक्त दोन बाइट वर्ज्य आहेत, एक तिरपी रेघ आणि दुसरा शून्य बाइट. बाकी सर्व, अगदी नवी ओळ सुरू करणारे चिन्हसुद्धा, त्याला मान्य आहे. शेल मात्र रिकाम्या जागेवर शब्द तोडतो. तेव्हा अवतरणचिन्हे विसरली की एका नावाची दोन नावे होत आणि आज्ञा भलत्याच फायलींवर जाऊन पडे.

दरम्यान कर्नेलच्या पातळीवर एक मोलाची सुधारणा झाली. नाव जोडणे आणि नाव खोडणे या निरनिराळ्या पायऱ्या असल्यामुळे, आणि नवे नाव आधीच अस्तित्वात असल्यास ते प्रथम खोडावे लागत असल्यामुळे, तीन पायऱ्यांच्या मधे यंत्र बंद पडले तर फाईल आपल्या जुन्या नावानेच उरे आणि नव्या नावाखाली काहीच सापडत नसे. बर्कली येथील विद्यापीठात मार्शल मॅक्यूसिक, बिल जॉय, सॅम्युएल लेफ्लर आणि रॉबर्ट फॅब्री यांनी फाईलव्यवस्थेची जी नवी बांधणी केली, आणि जी १९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीबरोबर बाहेर पडली, तीत नामांतराची एक अखंड आणि अविभाज्य क्रिया कर्नेलमध्येच दाखल करण्यात आली. नवे नाव एक तर जुन्या मजकुराकडे निर्देश करील किंवा नव्या, मधली अवस्था कोणास दिसणार नाही. याच बांधणीत नावाची मर्यादा चौदावरून २५५ वर गेली. लोक लांब, वर्णनपर, तारखांसह नावे देऊ लागले ते यानंतर. आणि अशी नावे अनेक झाली म्हणजे ती एकदम बदलण्याची गरजही वाढते.

परंतु एकेका नामांतराची अखंडता ही समूहाच्या सुरक्षिततेची हमी नव्हे. एखाद्या जुन्या मासिकाचा चौसष्ट पानांचा अंक स्कॅन करून ०१ पासून ६३ पर्यंत क्रमांकांच्या फायली तयार झाल्या, आणि मग ध्यानात आले की बारावे पान घ्यावयाचे राहिले, अशी कल्पना करावी. १२ क्रमांकाच्या फाईलमध्ये वस्तुतः तेरावे पान आहे. तेव्हा १२ ची १३, १३ ची १४, असे करीत ६३ ची ६४ करावयाची आहे. हे काम चढत्या क्रमाने सुरू केले तर काय होते पाहा. १२ ला १३ हे नाव मिळताच मूळची १३ क्रमांकाची फाईल नष्ट होते. दुसऱ्या फेरीत १३ या नावाखाली असलेले तेच तेरावे पान १४ होते आणि खरी १४ गिळते. आणि शेवटी बावन्न फायलींच्या जागी ६४ नावाची एकच फाईल उरते, तिच्यात तेरावे पान असते, व बाकीची एक्कावन्न पाने गेलेली असतात. यंत्राने वाटेत एकही तक्रार केलेली नसते, कारण प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर निर्दोष होती. उतरत्या क्रमाने, ६३ पासून खाली येत, केले असते तर एक पानही गेले नसते. आणि दोन फायलींच्या नावांची अदलाबदल करावयाची असेल तर कोणताही क्रम कामाचा नाही. तेथे एकीला काही काळ तिसऱ्याच नावाखाली ठेवावे लागते.

हा सगळा विचार पद्धतशीरपणे करून तो एका आज्ञेत उतरविण्याचे श्रेय व्लादिमिर लॅनिन यांच्या एमएमव्ही या कार्यक्रमाकडे जाते. १९९० च्या सुमारास प्रसृत झालेल्या या कार्यक्रमाने मल्टिक्सची हरवलेली गोष्ट परत आणली: दोन्ही नमुने अवतरणचिन्हांत बंद करून शेलच्या हातून सुरक्षित आज्ञेपर्यंत न्यावयाचे, आणि जुन्या नावात पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या तारकेने जे जे धरले ते ते नव्या नावात क्रमांकाने हवे तेथे ठेवावयाचे. पण त्याचे खरे वैभव त्याच्या सावधपणात आहे. एकही फाईल हलविण्यापूर्वी तो सर्व जुन्या आणि सर्व नव्या नावांची फेरिस्त तयार करतो. दोन फायली एकाच नावावर हक्क सांगत आहेत काय हे तपासतो. साखळी असेल तर कोणीही कोणाला गिळणार नाही अशा क्रमाने ती उलगडतो. वर्तुळ असेल तर त्यातील एकीला तात्पुरते नाव देऊन ते तोडतो. फेरफाराच्या हरकतीला जी मुदत असते ती या कार्यक्रमाने यंत्रात आणली असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. त्याचा लौकिक त्याच्या गुणांच्या मानाने अल्प राहिला, याचे मला वाईट वाटते.

लौकिक लाभला तो दुसऱ्या एका कृतीला. भाषाशास्त्राचे शिक्षण घेतलेले लॅरी वॉल यांनी १८ डिसेंबर १९८७ रोजी पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली, आणि त्या भाषेबरोबर उदाहरणादाखल दिलेल्या लहान लहान कार्यक्रमांत पुढे एक नामांतराचा कार्यक्रम आला, जो मोजून थोड्या ओळींचा होता. त्याची युक्ती अशी की शेलशी भांडण करावयाचेच नाही. शेलला तारकेचा विस्तार करू द्यावा, नावांची यादी आनंदाने स्वीकारावी, आणि नव्या नावाचा नमुना मागण्याऐवजी जुन्या नावावर करावयाचा संस्कार मागावा. हा संस्कार म्हणजे पर्लमधील कोणतेही वाक्य. बहुधा अमक्या अक्षरसमूहाच्या जागी तमका घाल, असे. प्रत्येक नाव त्या वाक्यातून नेले जाते, बाहेर येताना बदललेले असेल तर नामांतर होते, नसेल तर फाईलला स्पर्शही होत नाही. अक्षरसमूहांचे वर्णन करण्याची जी भाषा येथे वापरली जाते, तिचे मूळ स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात केलेल्या गणिती विवेचनात आहे. तिला संपादकात आणले ते केन थॉम्प्सन यांनी, आणि त्यासंबंधीचा त्यांचा निबंध १९६८ चा, म्हणजे युनिक्सच्याही आधीचा आहे. ज्यांच्या युनिक्सने नामांतराच्या आज्ञेला मुके केले, त्यांच्याच दुसऱ्या कामातून तिला वाचा फुटली.

येथे एक गोंधळ सांगावा लागतो, कारण त्याने अनेकांच्या फायलींचे नुकसान केले आहे. लिनक्सच्या मूलभूत साधनसंचात आंद्रीस ब्राउवर यांनी २००० साली रिनेम नावाची एक निराळी, साधी आज्ञा लिहिली. तिला जुना अक्षरसमूह, नवा अक्षरसमूह आणि फायलींची यादी एवढेच द्यावयाचे. डेबियन या वितरणात रिनेम म्हटले की वॉल यांच्या परंपरेतील आज्ञा धावे, तर रेड हॅट परंपरेत ब्राउवर यांची. एके ठिकाणी शिकलेली ओळ दुसऱ्या ठिकाणी लिहिली तर ती निष्फळ तरी होई किंवा भलतेच करी. पहिल्या दोन अक्षरांवरून कोणत्या घराण्याची आज्ञा आहे हे ओळखता यावे, एवढीही काळजी कोणी घेतली नाही. झेड-शेलमधील झेडएमव्ही ही तिसरी सोय या भांडणापासून अलिप्त आहे. तिच्यात शेलने स्वतःच अखेर दोन नमुन्यांची जबाबदारी पत्करली, आणि दोन नावे एकमेकांवर पडत असतील तर ती काहीच न करता परत येते.

ही सर्व साधने दीर्घकाळ जाणकारांपुरती होती. त्यांची गरज घराघरांत नेली ती डिजिटल कॅमेऱ्याने. कॅमेऱ्यातील फायलींच्या नावांसंबंधी जपानी उद्योगसंघटनेने १९९८ मध्ये जो संकेत ठरविला, त्यात चार अक्षरे आणि चार अंक असे आठांचे नाव व तीनांचा प्रत्यय, म्हणजे सीपी/एमचीच चौकट, कायम राहिली. ९९९९ नंतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि एकाच कंपनीचे दोन कॅमेरे एकाच समारंभात असले की दोघांच्या चित्रांना एकच नावे पडतात. मोडी कागदांची किंवा बखरींच्या हस्तलिखितांची छायाचित्रे घेणाऱ्या अभ्यासकाला तर हे नाव निरुपयोगीच असते; रुमाल कोणता, कागद कोणता, बाजू पहिली की दुसरी, हे नावातच यावे लागते, आणि ते हाताने एकेक करू म्हटले तर मूळ वाचनाला आयुष्य उरावयाचे नाही. अंकांपूर्वी शून्ये भरण्याचे महत्त्वही येथेच कळते, कारण अक्षरक्रमाने लावलेल्या यादीत १० हा २ च्या आधी बसतो आणि कागदांची सुसंगती मोडते.

नावे मराठीत द्यावयाची म्हटले म्हणजे या इतिहासाचे शेवटले प्रकरण आपल्या दाराशी येते. १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, ताटाखालच्या कागदावर, यूटीएफ-८ या संकेताची आखणी केली. ज्या प्रस्तावाच्या जागी ही आखणी आली, त्याच्या नावातच तो फाईलव्यवस्थेला निर्धोक असल्याचा निर्देश होता, आणि तो गुण नव्या आखणीने पुरता जपला: जगातील कोणत्याही लिपीचे अक्षर लिहिताना त्याच्या बाइटांत तिरपी रेघ किंवा शून्य बाइट कधीही येणार नाही. त्यामुळे १९७० च्या युनिक्सचा कर्नेल, त्यातील नावासंबंधीचा एकही नियम न बदलता, देवनागरी नावे सांभाळू शकला. अडचण लांबीची. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त ही चिन्हे निराळी मोजली जातात. महाराष्ट्र या शब्दाची चिन्हे दहा, बाइट तीस. म्हणजे जुन्या चौदा बाइटांत तो अर्धाही मावला नसता, आणि आजच्या २५५ बाइटांत पंच्याऐंशीच चिन्हे बसतात. लेखाचे पूर्ण शीर्षक फाईलला देण्याची हौस असणाऱ्यांनी हे मोजमाप जवळ बाळगावे.

याहून सूक्ष्म प्रश्न मराठीच्या स्वतःच्या एका अक्षराचा आहे. दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर या शब्दांतला अर्धा र तीन रीतींनी लिहिला गेलेला आढळतो. युनिकोडमध्ये ऱ या अक्षराला स्वतंत्र स्थान आहे, ही पहिली रीत. साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे, ही त्याचीच विघटित आणि प्रमाणानुसार समतुल्य मानलेली दुसरी रीत. आणि १९९८ पासून ॲपलच्या यंत्रांवर आलेली एचएफएस प्लस ही फाईलव्यवस्था नावे विघटित रूपातच साठवीत असल्यामुळे, तेथून लिनक्सवर आलेल्या फायलींत ही रीत हटकून दिसते. तिसरी रीत र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह अशी आहे; कित्येक कळफलक तीच देतात. दऱ्या हा शब्द पहिल्या रीतीने पंधरा बाइटांचा, दुसरीने अठराचा, तिसरीनेही अठराचा, परंतु निराळ्या अठराचा. पडद्यावर तिन्ही सारखेच. लिनक्सचा कर्नेल बाइटच तेवढे पाहतो. तेव्हा एकाच डिरेक्टरीत डोळ्यांना एकच वाटणाऱ्या नावाच्या तीन फायली सुखाने नांदू शकतात, आणि शोध घेणाऱ्याला त्यांतली एकच सापडते.

यावर उपाय नामांतराचाच आहे, आणि तो दोन हप्त्यांनी करावा लागतो. विघटित नावे एकरूप करण्याचे काम ब्योर्न याके यांचा कॉन्व्हएमव्ही हा कार्यक्रम करतो. आपण होऊन तो केवळ कोणत्या नावाचे काय होईल याची यादी दाखवितो, आणि खरोखर बदल करावयाचा असल्यास तसे निराळे, स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. तिसरी रीत प्रमाणाच्या दृष्टीने समतुल्य नसल्यामुळे तिला तो ओळखत नाही. तेथे वॉल यांच्या परंपरेतील आज्ञेला र, हलन्त आणि जोडचिन्ह यांच्या जागी ऱ आणि हलन्त घालण्याचा संस्कार द्यावयाचा, तोही प्रथम नुसत्या प्रदर्शनापुरता. तिन्ही रूपे एकत्र येऊ लागली की तीन निरनिराळ्या फायली एकाच नावावर हक्क सांगतात, आणि सक्तीचा संकेत मुद्दाम दिलेला नसेल तर ही आज्ञा तेथे थांबते. मग त्या तिन्ही फायली एकेक उघडून, त्यांतली कोणती मूळ, कोणती नकल आणि कोणती नंतर दुरुस्त केलेली प्रत, हे ज्याच्या त्याने वाचूनच ठरवावे लागते.